वाचकांचे प्रश्न : चिथावणीखोर नेमके कोणाला म्हणावे?

प्रश्न : वृत्तपत्रांत एकाच भाषणाला कधी ‘चिथावणीखोर’, कधी ‘प्रक्षोभक’, तर कधी ‘भडकाऊ’ म्हटलेले दिसते. आमच्या घरी मात्र भांडणे लावणाऱ्या माणसाला ‘कळलाव्या’ म्हणतात आणि आजी त्यालाच ‘कळीचा नारद’ म्हणत असे. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? ‘चिथावणीखोर’ हा शब्द तयार तरी कसा झाला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी शब्दाची घडण पाहू. ‘चिथावणे’ या क्रियापदाला ‘णी’ हा प्रत्यय लागून ‘चिथावणी’ हे स्त्रीलिंगी नाम होते. ‘सुनावणी’, ‘बजावणी’, ‘बतावणी’ ही नामे याच पद्धतीने झालेली आहेत. त्याला जोडलेला ‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला असून ‘खाणे’ या अर्थाच्या फारसी क्रियापदाशी त्याचे नाते आहे. ‘लाचखोर’ या शब्दात तो अर्थ अजून शाबूत दिसतो, कारण लाच आपणही ‘खातो’ असेच म्हणतो. पण मराठीने हा प्रत्यय एकदा आपलासा केल्यावर त्याला खाण्याच्या अर्थात अडकवून ठेवले नाही. ‘भांडखोर’ भांडण खात नाही, ‘दिवाळखोर’ दिवाळे खात नाही, आणि ‘घुसखोर’ या शब्दात तर प्रत्यय थेट मराठी धातूलाच लागलेला आहे. एखाद्या वाईट गोष्टीची ज्याला खोड आहे किंवा जो ती करतो, तो अमुक‘खोर’, एवढाच अर्थ आता उरला आहे. वाईट गोष्टीची म्हणण्याचे कारण असे की हा प्रत्यय बहुतेक वेळा निंदेसाठीच वापरला जातो. याला ठळक अपवाद ‘बंडखोर’ या शब्दाचा. निवडणुकीच्या बातम्यांत तो पक्षाची शिस्त मोडणाऱ्या उमेदवाराला लावतात आणि साहित्याच्या चर्चेत तोच शब्द कौतुकाने उच्चारला जातो. ‘चिथावणीखोर’ या शब्दाच्या वाट्याला असे कौतुक अजून आलेले नाही, आणि ते येण्याची चिन्हेही दिसत नाहीत.

हा शब्द विशेषण म्हणून दोन्ही वचनांत आणि तिन्ही लिंगांत बदलत नाही. चिथावणीखोर माणूस, चिथावणीखोर भाषा, चिथावणीखोर भाषण, चिथावणीखोर घोषणा, असा तो सर्वत्र सारखाच राहतो. एक पथ्य मात्र पाळावे. एखाद्याने एका प्रसंगी चिथावणी दिली असेल तर ‘चिथावणी दिली’ किंवा ‘चिथावणी देणारा’ असे लिहिणे पुरेसे आहे, कारण माणसाला ‘चिथावणीखोर’ म्हटले की तो आरोप त्या प्रसंगापुरता राहत नाही, तर त्याच्या स्वभावावर जातो. ‘हल्लेखोर’ या शब्दाचे तसे नाही. एकच हल्ला करणाराही हल्लेखोरच ठरतो, आणि या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे बातम्यांत ‘चिथावणीखोर’ हा शब्द फार सैल हाताने वाटला जातो.

आता आपल्या मुख्य शंकेकडे वळू. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. राग आणणाऱ्या माणसाविषयी मराठीत जेवढे शब्द आहेत, त्यांचे बारकाईने दोन गट पडतात, आणि ते पाडण्याची कसोटी म्हणजे तो राग अखेरीस कोणावर निघतो, हा प्रश्न. डिवचणे, खिजवणे, खोडी काढणे, कुरापत काढणे या क्रियांमध्ये दोनच पक्ष असतात. मी तुम्हाला डिवचले तर तुमचा राग माझ्यावर निघणार, आणि पुष्कळदा तो निघावा हीच माझी इच्छा असते. सीमेवरच्या शेजारी देशाच्या ‘कुरापती’ असा शब्दप्रयोग होतो, तोही याच अर्थाने, कारण कुरापत काढणाऱ्याला भांडण स्वतःशीच हवे असते आणि त्यासाठी त्याला निमित्त पाहिजे असते. उलट चिथावणी देणे, कळ लावणे, आग लावणे, काड्या घालणे आणि काही अंशी फूस देणे, यांत तिसरा पक्ष असतो. चिथावणारा माणूस तुमचा राग पेटवतो तो दुसऱ्या कोणावर तरी निघावा म्हणून, आणि स्वतः शक्यतो बाजूला उभा राहतो. म्हणूनच ‘शेजाऱ्याने मला चिथावणी दिली, म्हणून मी त्याच्याच कानशिलात लगावली’ हे वाक्य मराठी कानाला खटकते. तिथे ‘डिवचले’ हवे. ‘शेजाऱ्याने मला चिथावणी दिली, म्हणून मी भावावर फिर्याद केली’ हे वाक्य मात्र, प्रसंग कितीही दुःखद असला तरी, भाषेच्या दृष्टीने निर्दोष आहे.

‘प्रक्षोभक’ या शब्दाला हा तिसरा पक्ष लागत नाही. ‘क्षुभ्’ म्हणजे खवळणे, ढवळून निघणे. ‘क्षोभ’, ‘क्षुब्ध’, ‘प्रक्षोभ’ ही त्याचीच कुळी. ज्याच्यामुळे लोक खवळतील ते प्रक्षोभक, मग बोलणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो. एखादे वाक्य अजाणतेपणी प्रक्षोभक ठरू शकते, पण अजाणतेपणी चिथावणीखोर ठरू शकत नाही, कारण चिथावणीत हेतू गृहीत धरलेला आहे. त्यामुळेच ‘प्रक्षोभक’ हे विशेषण लिखाण, भाषण, चित्रफीत यांना चांगले लागते, परंतु ‘तो प्रक्षोभक आहे’ असे आपण माणसाविषयी सहसा म्हणत नाही. परिणामाविषयी बोलायचे असेल तर ‘प्रक्षोभक’ आणि हेतूविषयी बोलायचे असेल तर ‘चिथावणीखोर’, असा भेद बातमीदारांनी पाळला तर न्यायालयाने ठरवायची गोष्ट मथळ्यातच ठरवून टाकण्याचा दोष त्यांच्याकडून होणार नाही. 1908 साली लोकमान्य टिळकांवर ‘केसरी’तील लेखांसाठी राजद्रोहाचा आणि समाजांत वैरभाव पसरवल्याचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, तेव्हा वादाचा गाभा हाच होता. लेखातल्या शब्दांचा सरकारी भाषांतरात मुळापेक्षा तीव्र अर्थ निघतो, अशी तक्रार टिळकांनी ज्यूरीपुढच्या आपल्या प्रदीर्घ भाषणात केली. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची झाली, हे सर्वश्रुत आहे.

‘भडकाऊ’ हा शब्द हिंदीच्या सहवासाने वाढला आहे. ‘आऊ’ हा प्रत्यय ‘टिकाऊ’, ‘लढाऊ’, ‘दिखाऊ’ या शब्दांत आपल्याही ओळखीचा असल्याने त्याला परका म्हणता येत नाही, पण मराठीत ‘भडक’ म्हणजे डोळ्यांत खुपणारा असा एक अर्थ आधीपासून असल्यामुळे ‘भडकाऊ भाषण’ म्हणताना त्यात थोडा उथळपणाचा रंगही मिसळतो. तो रंग हवा असेल तर हा शब्द जरूर वापरावा.

राहिला आपल्या घरातला ‘कळलाव्या’. तो मला या सर्व शब्दांत अधिक नेमका वाटतो. ‘कळ’ हा शब्द येथे कलि आणि कलह यांच्या घराण्यातला आहे, आणि लावण्याची क्रिया दोघांमध्ये होते, त्यामुळे तिसरा पक्ष या शब्दाच्या पोटातच आहे. त्याचे रूप मात्र जपून चालवावे लागते. पुरुष ‘कळलाव्या’, स्त्री ‘कळलावी’, अनेकवचनी ‘कळलावे’, जसे ‘आगलाव्या, आगलावी, आगलावे’. या ‘कळ’ शब्दाने मराठीत किती गोंधळ घातला आहे, हे पाहण्यासारखे आहे. ‘त्याची कळ काढू नकोस’ म्हणजे त्याला डिवचू नकोस, आणि ‘जरा कळ काढ’ म्हणजे थोडे सोस, धीर धर. शब्द तेच असूनही पहिल्यात सहनशक्तीची परीक्षा घेतली जाते आणि दुसऱ्यात ती द्यावी लागते. ‘कळीचा नारद’ यातली कळ भांडणाची, तर ‘कळीचा मुद्दा’ यातली कळ यंत्राची, म्हणजे जी दाबली की सारे चक्र फिरते ती. पावसाळ्यात ज्वालेसारखी लाल-पिवळी फुले येणारी ‘कळलावी’ नावाची वेल आपण पाहिली असेल. तिच्या नावातली कळ पुन्हा वेगळीच, प्रसूतिवेदनांची आहे, कारण त्या कळा लवकर सुरू व्हाव्यात म्हणून तिचा कंद पूर्वी वापरत असत. कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असल्याने तो उपाय आज कोणी करू नये, हे ओघाने सांगितले पाहिजे. नावाच्या साधर्म्यामुळे ही फुले घरात आणली की घरात भांडणे होतात, अशी समजूत मात्र काही ठिकाणी अजून आढळते, म्हणजे एका कळेचा दोष दुसरीच्या माथी बसला आहे.

आणि आजीचा नारद. संस्कृतात नारदाला ‘कलहप्रिय’ असे विशेषण आहेच. देवकीचे आठवे अपत्य आपला काळ होणार, हे कळलेल्या कंसाकडे नारद जातो आणि आठ पाकळ्यांचे कमळ दाखवून विचारतो की यातली पहिली कोणती आणि आठवी कोणती, ही कथा कीर्तनकार रंगवून सांगतात. मोजणी कोठूनही सुरू करता येते, हे कंसाच्या ध्यानात येते आणि तो एकही अपत्य जिवंत ठेवायचे नाही असे ठरवतो. ही चिथावणीच आहे, आणि ती देणाऱ्याने एकही खोटे वाक्य उच्चारलेले नाही. गंमत अशी की ही कथा सांगणारा कीर्तनकार ज्या जागेवर उभा असतो तिला आपण ‘नारदाची गादी’ म्हणतो आणि तिला वंदन करतो. पुराणातील नारदाच्या कळीमागे दैवी कार्य असते, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे ‘कळीचा नारद’ या प्रयोगात ‘आगलाव्या’इतका विखार नाही, त्यात थोडी माफी आणि थोडे हसू आहे. आपल्या आजीने हा शब्द निवडला असेल तर तिचा राग बेताचाच असणार, असे मानायला हरकत नाही. राग खरोखर मोठा असता तर तिने ‘मंथरा’ किंवा ‘शकुनी’ म्हटले असते.

प्रश्न : मी विधी महाविद्यालयात शिकते. मराठीतून उत्तरे लिहिताना ‘चिथावणी’, ‘अपप्रेरणा’ आणि ‘प्रक्षोभ’ या तीन शब्दांत माझा घोटाळा होतो. कायद्याच्या भाषेत त्यांचा भेद कसा समजावा? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : वरच्या उत्तरात सांगितलेली कसोटी आपल्याला येथेही उपयोगी पडेल. ‘अपप्रेरणा’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 107 मध्ये असलेली तिची व्याख्या, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 45 मध्ये आली आहे. या कलमानुसार अपप्रेरणा तीन मार्गांनी घडते. दुसऱ्याला गुन्हा करण्यास चिथावणे, त्यासाठी कट करणे, आणि त्याला बुद्ध्या साहाय्य करणे. म्हणजे चिथावणी हा अपप्रेरणेचा एक प्रकार झाला. प्रत्येक चिथावणीखोर अपप्रेरक असतो, परंतु प्रत्येक अपप्रेरक चिथावणीखोर असतोच असे नाही, कारण गुन्हेगाराला निमूटपणे शिडी आणून देणाराही अपप्रेरकच ठरतो. ‘अपप्रेरणा’ हा शब्द कायद्याबाहेर फारसा रुळला नाही. बातमीदार ‘आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा’ असे लिहितात, आणि सामान्य वाचकासाठी ते योग्यच आहे, मात्र उत्तरपत्रिकेत ‘अपप्रेरणा’ हाच शब्द वापरावा.

‘प्रक्षोभ’ ही याच्या उलट बाजूची गोष्ट आहे. खुनाच्या व्याख्येला जे अपवाद आहेत, त्यांतला पहिला गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा आहे. एखाद्याने आरोपीला अचानक इतके खवळवले की त्याचा स्वतःवरचा ताबा सुटला, आणि त्या भरात त्याने खवळवणाऱ्यालाच ठार केले, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. येथे पक्ष दोनच असतात आणि राग आणणाराच बळी पडलेला असतो. दंगलीसाठी चिथावणी देणाऱ्याला कायदा शिक्षा करतो, तर येथे राग आणला गेला म्हणून राग आलेल्याची शिक्षा सौम्य होते.

या अपवादाची मर्यादा समजण्यासाठी मुंबईत घडलेला नानावटी खटला आपण वाचला असेलच. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी 27 एप्रिल 1959 रोजी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. पत्नीने कबुली दिल्यानंतर नानावटींनी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन पिस्तूल घेतले आणि मग ते आहुजाच्या घरी गेले. मधल्या सुमारे तीन तासांत मन ताब्यात येण्यास पुरेसा अवधी मिळाला होता, असे न्यायालयाने मानले. प्रक्षोभ गंभीर होता याबद्दल फारसा वाद नव्हता. न्यायालयाला महत्त्वाचा वाटला तो रागाने घेतलेला वेळ.

या दोहोंच्या मध्ये कुठेतरी भारतीय न्याय संहितेचे कलम 352, म्हणजे जुने कलम 504, येते. समोरच्याने शांतताभंग करावा या हेतूने किंवा तो करील हे ठाऊक असताना त्याचा बुद्धिपुरस्सर अपमान करणे, हा गुन्हा आहे. ही शुद्ध डिवचण्याची गोष्ट आहे, चिथावणीची नाही. दंगा व्हावा म्हणून बेकायदेशीर कृत्याने लोकांना खवळवण्याविषयी कलम 192 (जुने 153) आहे, आणि त्यात लक्षात ठेवण्याजोगे असे की दंगा झाला नाही तरी गुन्हा उरतोच. दंगा झाल्यास एक वर्षापर्यंत आणि न झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ठिणगीपायी गवत पेटले नाही म्हणून ठिणगी टाकणारा सुटत नाही.

प्रश्न : माझ्या एका विद्यार्थ्याने निबंधात ‘बाईंच्या चिथावणीमुळे मी वक्तृत्वस्पर्धेत भाग घेतला’ असे लिहिले. मी ते वाक्य चूक दिले. मुलाचे म्हणणे असे की मी त्याला खरोखरच भरीस घातले होते. कोण बरोबर? (एक शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर : मुलाने विनोद केला असेल तर तो, अन्यथा आपण. ‘चिथावणी’ नेहमी अनिष्ट कृत्यासाठी असते. चांगल्या कामासाठी प्रोत्साहन किंवा उत्तेजन देतात, आणि ‘भरीस घालणे’ हे दोन्ही बाजूंनी चालते. मात्र ‘उत्तेजन’ या शब्दाच्या शेजारी आज ‘उत्तेजक’ उभा आहे आणि त्याचे दिवस फिरले आहेत. एकोणिसाव्या शतकात हा अत्यंत प्रतिष्ठित शब्द होता. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात जी संस्था चालवते, तिचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’ आहे, आणि ग्रंथलेखनाला साहाय्य करणारी ‘महाराष्ट्रीय ग्रंथोत्तेजक संस्था’ही पुण्याचीच. तेज वाढवणारा तो उत्तेजक, असा अर्थ त्या पिढीच्या मनात होता. आज ‘उत्तेजक’ म्हटले की खेळाडूंनी घेतलेली निषिद्ध द्रव्ये किंवा पडद्यावरची दृश्ये आठवतात, आणि जुना अर्थ ‘उत्तेजनार्थ पारितोषिक’ या एका जोडशब्दाच्या आश्रयाने कसाबसा तग धरून आहे. आपल्या विद्यार्थ्याला तेच पारितोषिक मिळाले असेल तर त्याला ही हकिकत जरूर सांगावी.

याच ओघात नाट्यसमीक्षकांना एक विनंती. प्रेक्षकाला अस्वस्थ करून विचार करायला लावणाऱ्या नाटकाला ‘चिथावणीखोर नाटक’ म्हणू नये. त्यासाठी ‘विचारप्रवर्तक’ आहे, आणि थोडी धार हवी असेल तर ‘विचारप्रक्षोभक’ही आहे.

प्रश्न : शांत मोर्चात घुसून मुद्दाम दगड मारणारा आणि मोर्चा बदनाम करणारा माणूस असतो, त्याला मराठीत काय म्हणावे? आणि समाजमाध्यमांवरच्या ‘ट्रोल’लाही चिथावणीखोर म्हणता येईल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : पहिल्यासाठी फ्रेंचमधून जगभर पसरलेली ‘एजंट प्रोव्होकातर’ ही संज्ञा आहे. विरोधकांच्या गोटात शिरून, त्यांच्यापेक्षाही जहाल बोलून, त्यांना गुन्ह्यात गुंतवणारा सरकारी हस्तक, असा तिचा मूळ अर्थ आहे. रशियात झारच्या गुप्त पोलिसांनी ही कला इतकी वाढवली की येव्नो अझेफ हा त्यांचा पगारी माणूस समाजवादी क्रांतिकारकांच्या सशस्त्र गटाचा प्रमुखच होऊन बसला. 1904 मध्ये गृहमंत्री प्लेवे यांची हत्या झाली ती त्याच्याच गटाकडून, आणि 1908 च्या अखेरीस बुर्त्सेव या पत्रकाराने त्याचे बिंग फोडले, तोवर तो दोन्ही बाजूंना विकत होता. अशा माणसाला नुसते ‘चिथावणीखोर’ म्हणणे अपुरे आहे, कारण त्यात तो कोणाचा आहे हे येत नाही. लेखी मराठीत ‘चिथावणीखोर हस्तक’ असे म्हणावे. बोलीत मात्र ‘पेरलेला माणूस’ हा प्रयोग चांगला रुळलेला आहे, आणि त्यात पेरणाराही सुचवला जात असल्याने मला तो अधिक पसंत आहे.

‘ट्रोल’चे उत्तर थोडक्यात देता येईल. तो आपल्याला खिजवून आपला राग स्वतःवर ओढून घेत असेल तर तो डिवचणारा, आणि दोन गटांना एकमेकांवर सोडून मजा पाहत असेल तर तो चिथावणीखोर. तरुण मंडळी पहिल्याला ‘पिन मारणे’ आणि दुसऱ्याला ‘काड्या करणे’ म्हणतात. हा भेद त्यांनी शाळेत न शिकता अचूक पाळला आहे, तेव्हा शब्दकोशकारांनी हे दोन्ही प्रयोग निःशंकपणे नोंदवून घ्यावेत.